अंगात येणाऱ्या बाईचे पुढे काय होते?

सदर : घरातला धम्म



आपल्या वस्त्यांतून एक प्रश्न अजून हललेला नाही. विहारात प्रवचन संपते, खीर वाटून होते, आणि आया-बाया उठता उठता हळूच विचारतात, "ताई, पलीकडच्या गल्लीतल्या बाईच्या अंगात येतं म्हणतात, ते खरं असतं का हो?" विचारणारी बाई बौद्ध असते. तिच्या घरात तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर असते. पण पोराचा ताप उतरत नाही, मुलीचे लग्न जमत नाही, नवऱ्याचे काम सुटले आहे. म्हणून एखाद्या मंगळवारी नाहीतर शुक्रवारी ती त्या गल्लीत जाऊन आलेली असते. पदराच्या गाठीला अंगाऱ्याची पुडी बांधलेली असते आणि ती पुडी घरात कोणाला दिसू नये याची काळजीही तिलाच असते.

या प्रश्नाला वस्तीत दोन उत्तरे मिळतात. तरुण मुले म्हणतात, "सगळं ढोंग आहे. दोन थोबाडीत ठेवा, उतरतं की नाही बघा." म्हाताऱ्या बाया म्हणतात, "असेल बाई खरं, आपण कशाला वाईट बोला?" दोघांचेही लक्ष अंगात आलेल्या 'त्या'च्याकडे असते. देव आहे की भूत, खरे आहे की खोटे, एवढाच वाद. जिच्या अंगात येते ती बाई सकाळी काय जेवली, जमलेला पैसा कोणाच्या खिशात जातो, उद्या तिने हे सोडायचे म्हटले तर तिला कोण सोडू देईल, आणि म्हातारपणी तिला कोण विचारील, हे कोणी विचारीत नाही. आज या सदरात आपण तेच विचारणार आहोत.

त्यासाठी एका बाईचे आयुष्य सांगते. ही बाई आपल्याकडची नव्हती, अमेरिकेतली होती. इतक्या लांब जाण्याचे कारण असे की तिच्या आयुष्याची पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत नोंद आहे. ती स्वतः बोलली, वर्तमानपत्रांनी लिहिले, डॉक्टरांनी तपासले. आपल्या गल्लीतल्या बाईचे आयुष्य असे कोणी लिहून ठेवले नाही. म्हणून आधी तिचे पाहू आणि मग आपल्या गल्लीत येऊ.

सफरचंद आणि दोरा

न्यूयॉर्क राज्यात हाइड्सव्हिल नावाचे लहानसे खेडे होते. जॉन फॉक्स नावाचा एक लोहार १८४७ च्या डिसेंबरात बायको-मुलींना घेऊन तिथल्या एका घरात राहायला आला. त्याची मुलगी मार्गारेट तेव्हा १४ वर्षांची होती. तिला घरात मॅगी म्हणत. तिची धाकटी बहीण केट ११ वर्षांची. १८४८ च्या मार्च महिन्यात त्या घरात रात्री टकटक असे आवाज येऊ लागले. ३१ मार्चच्या रात्री केटने चुटक्या वाजवल्या, तर तितक्याच टकटकी उलट ऐकू आल्या. आई घाबरली. तिने त्या आवाजाला विचारले, माझ्या मुलांची वये सांग. आवाजाने प्रत्येकाचे वय बरोबर वाजवून दाखवले. लहानपणी वारलेल्या मुलाचेसुद्धा.

आईला वाटले, हे भूतच असले पाहिजे. आता तुम्हीच सांगा, भावंडांची वये त्या घरातल्या मुलींना ठाऊक नसणार काय? पण घाबरलेल्या माणसाला एवढा साधा प्रश्न सुचत नाही. शेजारी धावत आले. खोली माणसांनी भरली. लोक प्रश्न विचारीत गेले आणि टकटकीतून एक गोष्ट तयार झाली. या घरात एका फेरीवाल्याचा खून झाला, त्याला तळघरात पुरले, त्याचाच आत्मा बोलतो आहे!

हे सारे कसे घडले ते मॅगीने पुढे ४० वर्षांनी सांगितले. सफरचंदाला दोरा बांधून त्या दोघी ते पलंगावरून खाली सोडून जमिनीवर आपटीत. आईची गंमत करायची, एवढाच हेतू. दुसरा दिवस १ एप्रिलचा होता. नंतर त्यांना पायाच्या बोटांचे सांधे वाजवण्याची युक्ती साधली. लहान मुलांची बोटे लवचिक असतात आणि सवयीने असा आवाज काढता येतो. पाय जमिनीला किंवा लाकडाला टेकलेला असला की तो आवाज मोठा होऊन खोलीभर ऐकू येतो.

मग मुलींनी त्याच रात्री खरे का सांगितले नाही? मॅगी म्हणाली की इतकी माणसे जमलेली पाहून आम्हीच घाबरलो आणि आता मागे फिरता येईना. ही गोष्ट आयांनी लक्षात ठेवावी. खरे सांगितले तर मार बसणार. न सांगितले तर सारा गाव आपल्याकडे डोळे विस्फारून बघणार. १४ वर्षांची पोर काय निवडील?

मोठ्या बहिणीचा धंदा

या मुलींना लिआ नावाची मोठी बहीण होती. ती वयाने जवळजवळ २० वर्षांनी मोठी, रोचेस्टर शहरात राहायची. नवऱ्याने टाकलेली होती, संगीताच्या शिकवण्या करून पोटच्या मुलीला वाढवीत होती. तिने दोघी बहिणींना आपल्याकडे नेले आणि या टकटकीचा धंदा होऊ शकतो हे ओळखले. १४ नोव्हेंबर १८४९ रोजी रोचेस्टरच्या कोरिंथियन हॉलमध्ये तिकीट लावून पहिला जाहीर कार्यक्रम झाला. लोकांना खातरजमा हवी होती. म्हणून मुलींना खोलीत नेऊन बायकांकरवी अंगावरचे कपडे उतरवून तपासण्यात आले. काही सापडले नाही. बोटाच्या सांध्यात काय सापडणार? पण त्या तपासणीच्या वेळी त्या वयातल्या मुलीच्या मनाला काय वाटले असेल, याचा विचार त्या सभागृहात तिकीट काढून बसलेल्या किती जणांनी केला असेल?

१८५० साली त्या न्यूयॉर्क शहरात गेल्या. माणशी १ डॉलर घेऊन मेलेल्यांशी बोलणे करून देऊ लागल्या. मोठमोठे लोक आले. होरेस ग्रीली या नावाजलेल्या संपादकाने त्यांची बाजू घेतली. १८५१ साली बफेलो शहरातल्या तीन डॉक्टरांनी मात्र मुलींना नीट तपासले. पाय कशालाही टेकणार नाहीत अशा रीतीने त्यांना बसवले आणि गुडघे धरून ठेवले. आवाज बंद झाला. डॉक्टरांनी लिहिले की हा आवाज सांध्यांचा आहे. त्यांनी गुडघ्याचा सांधा म्हटले, बोटांचे त्यांना कळले नाही. पण आत्मा वगैरे काही नाही, हे त्यांनी जाहीर केले.

एवढे होऊन धंदा बसला का? उलट वाढला. त्याचे कारण मुलींच्या हुशारीपेक्षा लोकांच्या दुःखात होते. त्या काळी घराघरात लहान मुले दगावत. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि लाखो तरुण मेले. कित्येकांच्या मातीलाही आई-बापांना जाता आले नाही. अशा आईला कोणी सांगितले की तुझा मुलगा बोलतो आहे, तर ती डॉक्टरचा अहवाल वाचत बसेल का? खुद्द राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा लहान मुलगा विली १८६२ साली वारला, तेव्हा त्यांची पत्नी मृतात्म्यांशी बोलवून देणाऱ्यांची मदत घेऊ लागली. सर्वांत मोठ्या घरातली बाई आणि झोपडीतली बाई दुःखापुढे सारखीच असते.

सुटकेची एक वाट

मॅगीच्या आयुष्यात सुटकेची एक वाट आली होती. १८५२ साली तिची डॉ. एलिशा केन यांच्याशी ओळख झाली. ते आरमारातले डॉक्टर होते आणि उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ प्रदेशातल्या प्रवासासाठी प्रसिद्ध होते. त्यांनी तिला सांगितले, हे सोड, शिक. तिच्या शिक्षणाचा खर्चही त्यांनी केला. पण त्यांचे घराणे फिलाडेल्फियातले श्रीमंत आणि प्रतिष्ठित. टकटकीवाली सून त्या घराला कशी चालणार? १८५७ च्या फेब्रुवारीत डॉ. केन हवाना इथे आजारपणात वारले. आमचे खासगीत लग्न झाले होते, असे मॅगी सांगत राहिली. त्यांच्या घरच्यांनी ते मानले नाही.

त्यानंतर १८५८ मध्ये ती कॅथलिक झाली आणि काही काळ तिने टकटकी सोडून दिली. पण सोडून करायचे काय? शिक्षण अर्धवट. हाताला दुसरे काम येत नाही. नवऱ्याचे नाव नाही, नवऱ्याच्या घराचा आधार नाही. दारूने तिला धरले. शेवटी पोटासाठी ती पुन्हा त्याच खुर्चीवर येऊन बसली.

त्याच १८५८ साली मोठ्या बहिणीने, लिआने, एका श्रीमंत माणसाशी लग्न केले आणि ती सुखात राहू लागली. धाकटी केट १८७१ साली इंग्लंडला गेली. तिथे एका वकिलाशी तिचे लग्न झाले, दोन मुलगे झाले. १८८१ साली नवरा वारला. तीही दारूत बुडाली. १८८८ साली न्यूयॉर्कमध्ये तिला पकडण्यात आले आणि तिची मुले तिच्याकडून काढून घेण्यात आली. ज्या दोघी लहानपणापासून राबल्या त्यांची ही गत झाली, आणि ज्या बहिणीने त्यांना राबवले ती बंगल्यात राहिली.

भरल्या सभागृहात

बहिणीची मुले गेली तेव्हा मॅगीच्या सहनशक्तीचा अंत झाला. २१ ऑक्टोबर १८८८ रोजी न्यूयॉर्कच्या 'अकॅडमी ऑफ म्युझिक' या मोठ्या सभागृहात ती उभी राहिली. सभागृह खच्चून भरले होते. केट प्रेक्षकांत बसली होती. मॅगीने बूट काढला, मोजा घातलेला पाय एका लहान लाकडी चौरंगावर ठेवला आणि टकटक वाजवून दाखवली. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गेला. प्रेक्षकांतले डॉक्टर पुढे आले आणि बोटाचा सांधा हलतो आहे हे त्यांनी हाताने पाहिले. तिने सांगितले की सुरुवातीपासून हे सगळे खोटे होते, मोठ्या बहिणीने आम्हाला यात घातले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. खरे बोलली, सुटली, असे आपल्याला वाटेल. पण तसे झाले नाही. त्या एका रात्रीसाठी तिला वर्तमानपत्राकडून पैसे मिळाले, गर्दी झाली, नाव झाले. पण पुढे खरे सांगण्याने तिचे पोट भरेना. लोकांना मेलेली माणसे परत हवी होती. सांध्याचे शास्त्र ऐकायला पैसे कोण देणार? एका वर्षाने, १८८९ च्या नोव्हेंबरात, तिने आपला कबुलीजबाब मागे घेतला आणि पुन्हा आत्म्यांना बोलावू लागली. ज्यांना विश्वास ठेवायचा होता त्यांनी ते दुसरे बोलणे उचलून धरले आणि पहिले विसरून गेले.

लिआ १८९० साली वारली. केट १८९२ च्या जुलैत गेली. मॅगी ८ मार्च १८९३ रोजी गेली. दोघी धाकट्या बहिणी दारिद्र्यात मेल्या. त्यांच्या टकटकीतून निघालेला पंथ मात्र जगभर पसरला. त्याच्या सभा भरल्या, पुस्तके निघाली.

बायांनो, ४० वर्षे हजारो माणसे या मॅगीपुढे आपापले प्रश्न घेऊन बसली. माझा मुलगा कुठे आहे? माझा नवरा सुखी आहे का? तिच्यापुढे बसलेल्यांपैकी किती जणांनी तिला विचारले असेल की, पोरी, तुला दुसरे काही करायचे आहे का? एका माणसाने ते विचारले, आणि तोही तिला पुरला नाही.

तथागतांनी बोट कोणाकडे दाखवले?

कोणी म्हणेल, हे त्या गोऱ्या लोकांचे. आपल्याकडे हे त्याहून जुने आहे. दीघनिकायातले पहिलेच सुत्त ब्रह्मजाल सुत्त. त्यात हीन विद्यांवर पोट भरणाऱ्यांची लांबलचक यादी आहे. नक्षत्रे सांगणारे, हात पाहणारे, स्वप्नांचा अर्थ सांगणारे, मंत्र घालणारे. त्या यादीत एक शब्द आहे, 'कुमारिकपञ्ह'. त्याचा अर्थ आचार्य बुद्धघोषांनी आपल्या अट्ठकथेत सांगितला आहे. कुमारिकेच्या शरीरात देवता उतरवून तिला प्रश्न विचारणे. त्याच्या पुढचाच शब्द 'देवपञ्ह', आणि त्याचा अर्थ त्यांनी दासीच्या शरीरात देवता उतरवून प्रश्न विचारणे असा दिला आहे.

पाहा, कोणाला बसवले जाई? कुमारिकेला आणि दासीला. जिला 'नाही' म्हणता येत नाही तिला. आणि तथागतांच्या त्या सुत्तात दोष कोणाला दिला आहे? त्या मुलीला दिलेला नाही. श्रद्धेने दिलेले अन्न खाऊन अशा विद्यांवर जगणाऱ्या श्रमण-ब्राह्मणांना दिला आहे. हा मिथ्या आजीव आहे आणि तथागत यापासून दूर आहेत, असे ते सुत्त सांगते. सम्यक आजीविका आपण नेहमी म्हणतो. तिचा अर्थ हाही आहे की दुसऱ्याच्या भीतीवर आणि दुःखावर आपली चूल पेटवू नये.

आणि दुःखी आईला तथागतांनी काय दिले? किसा गोतमीची गोष्ट आपल्या प्रत्येक मुलाला येते. मेलेले मूल कडेवर घेऊन ती दारोदार औषध मागत होती. तथागतांना ठरवले असते तर डोळे मिटून म्हणता आले असते की, गोतमी, तुझे बाळ माझ्या तोंडून बोलते आहे, ऐक. तिने विश्वास ठेवला असता. जन्मभर पाय धरून बसली असती. त्यांनी तसे केले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरातून मोहरी आण, असे सांगून त्यांनी तिला घरोघरी पाठवले. प्रत्येक दारात तिला आपल्यासारखीच एक दुःखी बाई भेटली. मोहरी मिळाली नाही, पण ती शहाणी होऊन परत आली. दुःखी माणसाला माणसांत पाठवणे हा धम्माचा उपाय आहे. अंधाऱ्या खोलीत बसवून मेलेल्याचा आवाज ऐकवणे हा त्या बाजाराचा उपाय आहे.

शिवाय आपल्या धम्मात अमर आत्मा मानलेलाच नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी हे स्वच्छ सांगितले आहे. मग अंगात येणार कोण? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्या आजी-आजोबांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, तेव्हा जुन्या देवांचे दार त्यांनी बंद केले. ते दार नातवंडांनी मागच्या बाजूने उघडू नये.

आपल्या गल्लीतली बाई

आता आपल्याकडे येऊ. मॅगीच्या आणि आपल्या गल्लीतल्या बाईच्या गोष्टीत एक फरक आहे, तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. मॅगीला माहीत होते की आपण फसवतो आहोत. आपल्याकडे जाणूनबुजून सोंग करणाऱ्या बाया आहेत, तशाच खरोखर भान हरपणाऱ्याही आहेत. उपास घडलेला असतो. संबळ किंवा हलगी एकाच लयीत वाजत असते. धूप दाटलेला असतो. केस मोकळे सोडलेले असतात, आणि 'आता येणार, आता येणार' म्हणून भोवतालची माणसे टक लावून बसलेली असतात. अशा वेळी मन आपल्या जागेवरून सुटते आणि बाई घुमू लागते. नंतर विचारले तर तिला काही आठवत नाही. मनाच्या डॉक्टरांना ही अवस्था चांगली ठाऊक आहे. त्यात देव नाही आणि दर वेळी ढोंगही नाही.

ही अवस्था जास्त करून कोणाला येते ते पाहा. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' या पुस्तकात जुन्या महारवाड्याचे जिणे लिहून ठेवले आहे. आषाढाचा महिना, देवाला सोडलेले पोतराज, अंगात येणाऱ्या बाया आणि त्याच घरांतून होणारे सुनांचे हाल, हे सारे त्यात आहे. वर्षभर जिला कोणी 'जेवलीस का' म्हणून विचारीत नाही, तिच्या अंगात आले की सासू पाया पडते. जिने तोंड उघडले की नवऱ्याचा हात उठतो, ती देवी होऊन बोलली की तोच नवरा हात जोडून उभा राहतो. आणि ती 'देवी' मागते तरी काय? हिरवे लुगडे मागते. ओटी मागते. "याने दारू सोडावी" म्हणून दटावते. "हिला त्रास देऊ नका" म्हणून सांगते. नीट कान देऊन ऐका. ही सगळी त्या बाईचीच मागणी आहे. स्वतःच्या तोंडाने मागायची तिला मुभा नाही, म्हणून देवीच्या तोंडाने मागते.

पण हा मान पाच-दहा मिनिटांचा असतो. बोलबाला झाला की मागे कोणीतरी येऊन बसतो. नवरा असेल, दीर असेल, भगत असेल. नारळाचा भाव तो ठरवतो, कोंबडे-बोकड तो सांगतो, पैसे तो मोजतो. मॅगीच्या मागे लिआ होती तशी. बाई आजारी असली तरी मंगळवार चुकवता येत नाही. "आता माझ्या अंगात येत नाही" म्हणायची सोय नाही, कारण घर त्यावर चालते. सोडले तर देवीचा कोप होईल ही भीती लोकांना जेवढी असते तेवढीच तिलाही घातलेली असते. आणि वय झाले, आवाज बसला, की गर्दी दुसऱ्या गल्लीत जाते.

बाबासाहेबांनी हे दुखणे फार आधी ओळखले होते. १९३६ च्या जून महिन्यात मुंबईत पोतराज, वाघ्या, देवदासी, जोगतिणी, आराधी अशा देवाच्या नावाने जगणाऱ्या आपल्या माणसांपुढे त्यांनी भाषण केले आणि हे लाजिरवाणे जिणे सोडून द्या असे त्यांना सांगितले. ज्यांना समाज बाहेरचे समजत होता, त्यांच्यासमोर जाऊन, त्यांना आपली समजून ते बोलले. आपण निदान तेवढे तरी करावे.

आपण काय करायचे?

पहिली गोष्ट, आपला पैसा आणि आपला आजारी माणूस तिकडे न्यायचा नाही. ताप आला तर दवाखाना. साप, विंचू किंवा कुत्रा चावला तर एक मिनिटही न दवडता सरकारी दवाखाना. आपण विचारायला जाणे बंद केले तर त्या बाईला कोणी बळेच बसवणार नाही.

दुसरी गोष्ट, मारझोड नाही आणि टिंगल नाही. मिरचीची धुरी देणे, केस धरून ओढणे, चाबकाने 'बोलती करणे' हा अत्याचार आहे. घरातली शाळकरी मुलगी किंवा नवी सून घुमू लागली तर तिला एकटीला जवळ बसवून विचारा, तुला काय होते आहे? तिला मारहाण होते का? कोणी अंगाला हात लावतो का? मनाविरुद्ध लग्न ठरले आहे का? पोट भरते का? मग तिला जिल्हा रुग्णालयात मनाच्या डॉक्टरांकडे न्या. जाणे लगेच जमत नसेल तर १४४१६ हा सरकारचा फोन नंबर आहे. मनाच्या त्रासासाठी 'टेली मानस' नावाची ही मोफत सेवा २०२२ साली सुरू झाली आहे. कोणत्याही घरातून फोन लावता येतो.

तिसरी गोष्ट कायद्याची. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात हा कायदा झाला. अंगात अतींद्रिय शक्ती संचारली आहे असे भासवून लोकांना भीती घालणे, सांगितले तसे केले नाही तर वाईट होईल अशी धमकी देणे, हा त्यात गुन्हा आहे. सर्पदंशावर, श्वानदंशावर दवाखान्यात जाऊ न देता गंडे-दोरे करणे हाही गुन्हा आहे. शिक्षा कमीत कमी ६ महिने आणि जास्तीत जास्त ७ वर्षे, शिवाय ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. मात्र तक्रार करताना एवढे ध्यानात असू द्या की पैसे मोजणारा माणूस कोण आहे ते पोलिसांना आधी सांगायचे. नाहीतर बाई तुरुंगात जाईल आणि भगत दुसरी बाई शोधील.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. मॅगीने भरल्या सभागृहात खरे सांगितले, तरी तिला परत जावे लागले, कारण तिच्या हाताला दुसरे काम कोणी दिले नाही. आपल्या महिला मंडळांनी हे लक्षात ठेवावे. वस्तीतली एखादी बाई हे सोडायला तयार झाली तर टाळ्या वाजवून तिचे पोट भरणार नाही. तिला बचत गटात घ्या. शिवणयंत्र असेल तर ते शिकवा. शाळेच्या खिचडीचे, पोळी-भाजीचे, अंगणवाडीतले, जे काम मिळेल तिथे तिच्यासाठी शब्द टाका. तिच्या मुलांची शाळा सुटू देऊ नका. आणि पौर्णिमेला ती विहारात आली तर बायांनी एकमेकींना कोपर मारून खुसखुसू नये. "ये बाई, बस" म्हणून आपल्या शेजारी जागा करावी, वंदना म्हणायला लावावी, आणि तिला बोलायचे असेल तर तिच्या स्वतःच्या तोंडाने बोलू द्यावे.

जिला घरात रोज स्वतःच्या आवाजात बोलता येते, भांडता येते, मागता येते, तिला देवीचा आवाज उसना घ्यावा लागत नाही. आपल्या लेकी-सुनांना तेवढा आवाज आपण देतो आहोत का, हा प्रश्न या पौर्णिमेला प्रत्येक घराने स्वतःला विचारावा.

जयभीम. नमो बुद्धाय.